थंडीपासून तीन दिवस पळायचं तं पुणे-बंगळूर सोडा, समुद्राचं शहर पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. आर्वीकडचं खेडं, तुम्ही अन् तुमचा मित्र दोघंच, 2026 ची 26 जानेवारी सोमवारी येते म्हणून शनि-रवि-सोम जोडून भेटून राहिले, दर जानेवारीत रात्रीच्या ओलितानं अंग काकडून जाते म्हणून औंदा कुठंतरी गरम शहरात जाऊन यायचं, डोक्यात पुणे, बंगळूर नाहीतर हैदराबाद, अन् माणशी सात-आठ हजारात बसलं पाहिजे. मी तालुक्याला तिकिटं काढून देतो अन् हिवाळ्यात लहानसहान टूर घेऊन जातो, त्यामुळं हा प्रश्न मला नोव्हेंबर लागला की येतोच. म्हणून जरा लांबून सांगतो.

पहिले तं पुणे खोडून टाका. लोक म्हणतात दक्षिणेकडं गेलं की गरम, पण थंडीचं गणित नुसतं दक्षिण-उत्तर नसते. दोन गोष्टी पाहायच्या, गाव समुद्रापासून किती दूर अन् किती उंचावर. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर आहे, पुणे साडेपाचशेच्या वर, हैदराबाद पाचशेच्या वर, बंगळूर तं नऊशेच्याही वर. जानेवारीत पुण्याचं रात्रीचं तापमान सरासरी अकरा-बाराच्या आसपास राहते, म्हणजे आपल्यासारखंच, एखाद्या रात्री आपल्याहून खालीसुद्धा. मंग पैसे घालून पुन्हा स्वेटरातच फिरायचं काहून? बंगळुरात रात्र पुण्यापेक्षा बरी असते पण दिवसाही हवा गारच वाटते, अन् तिथं जायला-यायलाच तुमच्या तीन दिवसांतला अर्धा वेळ रेल्वेत जाईल. चिखलदऱ्याचं तं नावच नका घेऊ, कोणी म्हटलं जवळ आहे म्हणून, तरी नाही.

आपल्याकडं एवढी थंडी काहून पडते हे एकदा समजलं की शहर निवडणं सोपं होते. दिवाळीनंतर आभाळ मोकळं, हवा कोरडी, त्यामुळं दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते, तिला अडवायला ढग नाही की दमटपणा नाही, वरून उत्तरेचा वारा सुटला की झालंच. 2018 च्या 29 डिसेंबरला नागपुरात साडेतीन अंशांवर पारा आला होता, आठवत असेल, तुरीचं काय झालं होतं बऱ्याच ठिकाणी. समुद्राकाठी असं होत नाही, कारण पाणी सावकाश तापते अन् सावकाशच थंड होते. पहाटे मोटर चालू केल्यावर विहिरीचं पाणी कसं कोमट लागते, तसाच तो अख्खा समुद्र शहराच्या बाजूला पडून असते. सुरत अन् नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी सुरतची रात्र आपल्याहून उबदार असते. मुंबईत जानेवारीची रात्र सतरा ते एकोणीस अंश, विशाखापट्टणम एकोणीसच्या आसपास, चेन्नई एकवीस. दिवसा तिन्हीकडं अठ्ठावीस ते एकतीस. म्हणजे शर्टावर फिरा, रात्री पंखा लावून झोपा.

आता दुसरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही, ती म्हणजे धुकं. धुकं आपल्याकडं नाही, दिल्लीकडं पडते, पण त्याचा मार आपल्याला बसतो. आपल्या स्टेशनवरून चेन्नईकडं जाणाऱ्या चांगल्या गाड्या, जीटी म्हणा की तमिळनाडू एक्सप्रेस, त्या दिल्लीवरून येतात, विशाखापट्टणमची समता एक्सप्रेससुद्धा दिल्लीच्याच निजामुद्दीनवरून येते. जानेवारीत या गाड्या चार-चार, सहा-सहा तास लेट होणं काही नवलाचं नाही. आता तीन दिवसांच्या सुट्टीतले सहा तास सेवाग्रामच्या फलाटावर, अन् तेही रात्री थंडीत बसून काढायचे असतील तं घरीच शेकोटी पेटवलेली परवडली. म्हणून माझा नियम असा, जानेवारीतल्या लहान सुट्टीत विदर्भातूनच सुटणारी गाडी पकडायची. गोंदियावरून निघणारी विदर्भ एक्सप्रेस, नागपुरातून निघणारी सेवाग्राम एक्सप्रेस अन् दुरांतो, अमरावतीवरून निघणारी मुंबईची गाडी. या आपल्याच घरून निघतात, दिल्लीच्या धुक्याशी यांचं फारसं देणंघेणं नाही.

हे दोन्ही जुळवलं की तुमच्यासाठी उत्तर एकच येते, मुंबई. हो, मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल मुंबई तं पाहिली, कामानं गेलो, मंत्रालयात चकरा मारल्या, टाटात पेशंट नेला. पण कामासाठी गेलेली मुंबई अन् काहीच काम नसताना मित्रासोबत गेलेली मुंबई यात लय फरक आहे. अन् विदर्भ एक्सप्रेसचं टायमिंग असं की शुक्रवारी संध्याकाळी वर्ध्याला बसा, शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरा, सोमवारी संध्याकाळी तिकडून बसा, मंगळवारी सकाळी परत. पूर्ण तीन दिवस हातात राहतात, अन् प्रवासाच्या दोन्ही रात्री झोपेतच जातात. लॉजचं भाडं फक्त दोन रात्रींचं. सेवाग्राम एक्सप्रेस रात्री उशिरा निघते पण मुंबईत जाता जाता दुसऱ्या दिवसाची दुपार होते, म्हणून ती दुसऱ्या नंबरवर.

हैदराबादचं म्हणाल तं शहर मस्त आहे, खाणं त्याहून मस्त, अन् सप्टेंबर 2024 पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाल्यापासून सव्वासात तासांत माणूस पोचते. पण ती नागपुरातून पहाटे पाचला निघते, सेवाग्रामला पावणेसहाच्या सुमारास. म्हणजे तुम्हाला आर्वीकडून रात्री तीनला निघावं लागेल, मोटरसायकलवर, जानेवारीत! थंडीपासून पळायला निघाले अन् पहिल्याच तासात थंडीनं पकडलं. शिवाय तिथं रात्री पंधराच्या आसपास असते, कधी त्याहून खाली, म्हणजे आपल्यापेक्षा बरं पण सुटका नाही. पांढरकवडा, वणी, चंद्रपूरकडच्या माणसानं विचारलं असतं तं मी हैदराबादच म्हटलं असतं, त्यांना ते पुण्या-मुंबईपेक्षा जवळ आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडचा असता तं विशाखापट्टणम सांगितलं असतं, समुद्राच्या काठावर ती कुरसुरा पाणबुडी ठेवली आहे, आत जाऊन पाहता येते, 2001 मध्ये नौदलातून निवृत्त केली अन् पुढच्याच वर्षी तिचं म्युझियम केलं. फक्त तिकडं गेलेले लोक गाडी करून अराकू नाहीतर लंबासिंगीला जातात, अन् ते हजार मीटरच्या आसपासचे डोंगर आहेत, लंबासिंगीत तं पारा शून्याजवळ जाते म्हणून लोक मुद्दाम पाहायला येतात. थंडीला कंटाळून गेलेला माणूस तिथं कुडकुडत फोटो काढून येते, काय बोलावं. चेन्नई माझ्या मते सगळ्यात उबदार अन् सगळ्यात वेगळं, पण त्याला चार-पाच दिवस पाहिजेत, महाबलीपुरम बाजूलाच आहे, ते सोडून परत येणं बरं नाही.

गाडीनं जायचं का? समृद्धी 701 किलोमीटर, 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला तेव्हापासून सगळीच मोकळी, अन् दोघं मित्र म्हटल्यावर आपलीच गाडी काढू असं मनात येतेच. माझं ऐका, रात्री नका चालवू. रस्ता सरळ, वळण नाही, गाव नाही, कुत्रंसुद्धा आडवं येत नाही, अन् अशाच रस्त्यावर डोळा लागते. 2023 च्या जुलैत सिंदखेडराजाजवळ रात्रीच बस उलटून जळाली, 25 माणसं गेली. शिवाय मुंबईत गाडी लावायची कुठं हा वेगळा ताप, पार्किंग शोधण्यातच निम्मा मूड जाईल. रेल्वे बरी.

तिकिटाचं आता नीट ऐका कारण सगळं इथंच अडते. पूर्वी 120 दिवस आधी रिझर्वेशन सुरू व्हायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आणलं. म्हणजे 23 जानेवारीच्या शुक्रवारची तिकिटं 24 नोव्हेंबरला सकाळी आठला उघडतील, अन् 26 ची परतीची 27 नोव्हेंबरला. परतीचं तिकीट आधी भरते हे ध्यानात ठेवा, कारण जायला लोक वेगवेगळ्या दिवशी जातात पण यायला सगळ्यांना सोमवारची संध्याकाळच पाहिजे. तात्काळच्या भरवशावर राहू नका. जुलै 2025 पासून ऑनलाइन तात्काळला आधार जोडलेलं खातं लागते, ओटीपी लागते, अन् पहिला अर्धा तास आमच्यासारख्या एजंटला काढताच येत नाही, त्यामुळं "तुम्ही काढून द्या ना भाऊ" म्हणून माझ्याकडं आले तरी मी काही करू शकत नाही. स्वतःचं खातं आधारला आत्ताच जोडून ठेवा, दोघांचंही. अन् वेटिंगचं ई-तिकीट कन्फर्म झालं नाही तं आपोआप कॅन्सल होते, ते घेऊन स्लीपरमध्ये चढून टीसीला हात जोडायचे दिवस गेले.

स्लीपर की थर्ड एसी? उन्हाळ्यात मी डोळे झाकून स्लीपर सांगतो, माणशी पाचशेच्या आतबाहेर होऊन जाते. पण जानेवारीत एक अडचण आहे. अकोला-भुसावळपर्यंत चालते, त्यानंतर मनमाड, निफाड, नाशिकचा पट्टा लागते पहाटे पहाटे, अन् निफाड म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात थंड जागांपैकी एक, द्राक्षवाले तिथं बागेत शेकोट्या पेटवतात. स्लीपरच्या खिडकीच्या फटीतून जी हवा येते ती कानात सुईसारखी जाते अन् स्लीपरला चादर-ब्लँकेट भेटत नाही. त्यामुळं जमत असेल तं जाताना थर्ड एसी घ्या, बेडरोल भेटते, नसेल जमत तं घरची जाड सोलापुरी चादर अन् मफलर हातात ठेवा, बॅगेच्या तळाशी नाही. इगतपुरी सोडून गाडी कसाऱ्याचा घाट उतरली की अर्ध्या तासात हवा बदलते, तुम्हीच स्वेटर काढाल.

राहायचं दक्षिण मुंबईतच, फोर्ट, गिरगाव, नाहीतर सीएसएमटीच्या आजूबाजूला. लोक स्वस्त पडते म्हणून दूर कल्याण-पनवेलला नातेवाइकाकडं उतरतात अन् रोजचे चार तास लोकलमध्ये घालवतात, तीन दिवसांत ते परवडत नाही. साधी लॉज घ्या, आधी फोनवर बोलून घ्या, दोघांचं आधार ओरिजिनल ठेवा. सीएसएमटीला रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत, पीएनआरवर ऑनलाइन बुक होतात, सुट्टीत पटकन भरतात पण प्रयत्न करायला काय जाते. तिथंच पॉड हॉटेलही झालं आहे, एका माणसाला झोपण्यापुरता डबा असते, ज्याचा मित्र घोरते त्याच्यासाठी उत्तम!

फिरायचं काय? मी पूर्ण टाइमटेबल देणार नाही, सुट्टीला गेले की मार्केट यार्डात? पण क्रम चुकू नये म्हणून एवढं सांगतो, घारापुरी शनिवारीच करून टाका. लेणी सोमवारी बंद असतात, अन् रविवारी अख्खी मुंबई तिथं. गेटवेवरून लाँच, तासाभराचा प्रवास, वरच्या डेकवर ऊन खात बसायचं, थंडीतून आलेल्या माणसाला तेवढ्या एका तासानंच बरं वाटते. वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, अन् आत ती तीन मुखांची शिवाची मूर्ती, वीसेक फूट उंच, अंधारात डोळे जुळले की मंग दिसायला लागते, घाई नका करू. गर्दी सगळी फोटो काढून पाच मिनिटांत निघून जाते, तुम्ही तिथंच थांबा. माकडांपासून खायचं सांभाळा.

रविवारी मेगाब्लॉक. मध्य अन् हार्बर लाइनवर दर रविवारी दिवसा काम चालते, गाड्या बंद नाहीतर वळवलेल्या असतात, आदल्या दिवशी पेपरात नाहीतर मोबाइलवर पाहून घ्या. पण आता एक सोय झाली, मेट्रो 3, जमिनीखालची, ऑक्टोबर 2025 पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, साडेतेहतीस किलोमीटर, 27 स्टेशनं, अन् सीएसएमटी, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर हे सगळं तिच्यावर आहे. तिकीट दहा ते सत्तर रुपये. आपल्याकडच्या माणसाला लोकलच्या गर्दीची धास्ती असते ती इथं नाही. सकाळी निवांत उठा, सिद्धिविनायक करा, दादरला उतरून झुणका-मिसळ सोडून दुसरं काही खा, ते घरी आहेच. थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष, मासे खात असाल तं मालवणी थाळी. माटुंग्याला इडली-रसम खायला जाणं हा माझ्या मते मुंबईतला सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात चांगला कार्यक्रम आहे, पण रविवारी सकाळी रांग असते. दुपारी ऊन चढलं की फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरा, 1922 पासून उघडं आहे, दोन-तीन तास कुठं जातात कळत नाही. हे रविवारीच उरका, 26 तारखेवर ठेवू नका. संध्याकाळ मरीन ड्राइव्हवर. तिथं काही करायचं नसते, कट्ट्यावर बसायचं अन् चणे खायचे, रात्री दहालाही अंगावर शर्टच आहे हे लक्षात आलं की तुमचे पैसे वसूल. जुहू मी सांगत नाही, दूर आहे अन् नुसती गर्दी.

सोमवारी सकाळी शिवाजी पार्कला राज्याची परेड असते, पाहायची असेल तं लवकर जा, नसेल तं दादरकडचा तो भाग टाळा, रस्ते बंद असतात. अन् हो, दोघं मित्र जाऊन राहिले म्हणून आधीच सांगतो, 26 जानेवारीला महाराष्ट्रात ड्राय डे असते. आपला वर्धा जिल्हा तसाही कागदोपत्री कोरडाच, त्यामुळं तुम्हाला सवय असेल. संध्याकाळी सुट्टीची गर्दी सगळी दक्षिण मुंबईकडं येते, सीएसएमटीच्या इमारतीची रोषणाई पाहायला लोक रस्त्यावर उभे राहतात, टॅक्सी भेटत नाही, म्हणून गाडीच्या दीड तास आधी स्टेशनात पोचून जा. रोषणाई तुम्हाला तिथं फुकटात दिसतेच.

एक गोष्ट तब्येतीची. मुंबईची थंडीतली हवा गरम असली तरी स्वच्छ असते असं नाही, सकाळी धुरकट असते, ज्याला दमा आहे त्यानं पहाटेच्या फिरण्याचा हट्ट करू नये. अन् कोरड्या थंडीतून एकदम दमट उन्हात गेलं की घाम येते, पाणी पीत राहा.

मित्राचं म्हणाल तं पैशाचं निघायच्या आधीच बोलून घ्या. दोघांनी सारखे पैसे एका पाकिटात टाकायचे, चहापासून टॅक्सीपर्यंत सगळं त्याच्यातून, संपले की पुन्हा सारखे टाकायचे. तुझे वीस माझे चाळीस करत बसलेले जिगरी दोस्त परतीच्या गाडीत तोंडं फिरवून बसलेले मी पाहिले आहेत. अन् रोज दोन-तीन तास वेगवेगळे फिरले तरी चालते, एकाला म्युझियम पाहिजे, एकाला क्रॉफर्ड मार्केट, ओढाताण काहून करायची?

मागं वावराचं काय ते मात्र शुक्रवारच्या आत उरका. गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताची पाळी गुरुवारपर्यंत संपवा, त्या आठवड्यात मोटरीची वीज दिवसाची आहे की रात्रीची हे आधीच पाहून ठेवा, रात्रीची असली तं घरच्या म्हाताऱ्या माणसावर मोटर टाकून जाऊ नका, कोणाला तरी रोजानं सांगा अन् त्याचे पैसे ट्रिपच्याच खर्चात धरा. फुटलेला कापूस झाडावर असेल तं वेचणीही आधीच. डोक्यात वावर घेऊन मरीन ड्राइव्हवर बसलेला माणूस दर अर्ध्या तासाला घरी फोन लावते, मित्राचीही सुट्टी खराब करते.

परतताना चादर अन् मफलर पुन्हा हाताशी काढून ठेवा. मंगळवारी सकाळी वर्ध्याला उतराल ती दिवसातली सगळ्यात थंड वेळ असते, अन् तीन दिवसांत अंगाची सवय मोडलेली असते, तिथून एसटीच्या खिडकीत बसून आर्वी गाठायची आहे.

24 अन् 27 नोव्हेंबरला तिकीट नाही भेटलं तं सुट्टीच्या हट्टानं वेटिंग काढत बसू नका, एक दिवस रजा टाकून त्याच्या पुढच्या आठवड्यात जा. तेव्हा गाड्या मोकळ्या असतात, लॉज स्वस्त पडते, आपल्याकडं थंडी तशीच असते, अन् जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला फोर्टात काळा घोडा फेस्टिव्हल भरते, नऊ दिवस, रस्त्यावरचं बहुतेक सगळं फुकट.